रणपिसे आणि मागे राहिलेली डिस्क

अनन्या, परवा फोनवर तू म्हणालीस की तुझा कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. मी काही विचारायच्या आत तू तो दोन-चार वेळा बंद करून पुन्हा चालू करूनही पाहिला होतास. मी एकदम म्हणाले, "थांब. आधी हात बाजूला घे." तू हसलीस. "आजी, तुला काय कळतं गं त्यातलं?"

मला त्यातलं फार कळत नाही. पण ज्यांना कळत होतं अशा एका गृहस्थांच्या शेजारच्या टेबलावर मी काही वर्षं काम केलं. "आधी हात बाजूला घ्या" हे त्यांचं वाक्य. तुला आणि रोहनला मी त्यांच्याविषयी कधी सांगितलेलं नाही. तुमच्या आईला थोडं ठाऊक आहे, तेही वरवरचं. म्हणून आता नीट लिहून काढते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सदाशिव पेठेतल्या एका लहानशा संस्थेचं काम पाहत असे. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि ती ध्वनिमुद्रित करून त्यांना द्यायची, हे संस्थेचं काम. एका डॉक्टरांच्या दवाखान्यावर दोन खोल्या आणि वर गच्ची. एका खोलीत काचेपलीकडे माइक आणि वाचकाची खुर्ची. दुसरीत कपाटं, आमची टेबलं आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. पूर्वी सगळं कॅसेटवर होतं. मग कुठल्याशा कंपनीने नवी मशिनं घेतली आणि जुनी आम्हाला देऊन टाकली, तेव्हापासून पुस्तकं कॉम्प्युटरमध्ये साठू लागली. मराठी वाचून दाखवणारी यंत्रं तेव्हा नव्हती. मुलांना अभ्यास करायचा तर कोणीतरी माणसाने बसून वाचावंच लागे.

एके सकाळी हा मुख्य कॉम्प्युटर सुरू होईना. काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. आमचे कार्याध्यक्ष जोगळेकर घाबरले, ज्या दुकानाने मशीन लावून दिलं होतं तिथून एक जण आला, त्याने बरीच बटणं दाबली आणि "सगळं गेलं" असं सांगून तो निघून गेला. मग कोणाच्या तरी ओळखीने रणपिसे आले.

उंच, खांद्यात किंचित वाकलेले, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खिशात पेनाशेजारी स्क्रू-ड्रायव्हर. खुर्ची ओढून ते मशीनसमोर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बराच वेळ त्यांनी कशालाही हात लावला नाही.

"शेवटचं नीट कधी चाललं होतं?"

"काल संध्याकाळी," मी म्हणाले.

"आणि त्यानंतर कोणी काय केलं?"

"कोणी काही केलं नाही," जोगळेकर म्हणाले.

"म्हणजे निदान दोघांनी केलंय."

पुढे तसंच निघालं. पण ते राहू दे. आत दोन डिस्क होत्या. आपण जे काही साठवू ते दोन्हींवर एकाच वेळी लिहिलं जावं, एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शिल्लक असावं, अशी व्यवस्था होती. अशी जोडी सांभाळणारं वेगळं महाग कार्ड मिळतं. आमच्याकडे ते नव्हतं, म्हणून ते काम कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरच करत होतं. त्यातली पहिली डिस्क आदल्या रात्री मेली होती.

"मग दुसरीवर सगळं असेल ना?" मी विचारलं.

"आहे. माल दोन्ही घरांत आहे. पण मशीन जागं कसं व्हायचं, ते फक्त पहिल्या घरात लिहून ठेवलं होतं. ते घर पडलं."

त्यांनी बॅगेतून एक सीडी काढली, तिच्यावरून मशीन उठवलं आणि दुसऱ्या डिस्कवरची आमची पुस्तकं एकेक करून पडद्यावर दाखवली. सगळी होती. जागं होण्याची सूचना त्यांनी त्या डिस्कवरही लिहिली आणि मेलेलीच्या जागी नवी डिस्क बसवली. मी विचारलं, हे आधी कळू शकलं नसतं का?

"ज्याने जोडी लावली त्याने एकदा एक डिस्क काढून बघितली असती तर कळलं असतं. पण लग्न लावणारे भटजी पुढे संसार बघायला थोडेच येतात?"

जोगळेकरांना ते वाक्य आवडलं नाही. मला आवडलं. पुढच्या महिन्यापासून रणपिसे आमच्याकडे अर्धवेळ कामाला आले.

त्याआधी ते हडपसरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते, तरुणपणापासून. नव्या आर्थिक धोरणानंतर त्या कारखान्याला परदेशी मालाशी टक्कर देता येईना, आणि माणसं कमी करायची ठरली. "स्वेच्छानिवृत्ती घेतलीत?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हो बाई. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी." त्याच हडपसरला मग काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. रणपिसे तिथेही मुलाखतींना गेले. त्यांच्या मुलाच्या वयाची मंडळी समोर बसून "तुमचा अनुभव जरा जास्त आहे" असं सांगत. "जास्त म्हणजे जून," ते म्हणायचे. "कोथिंबिरीला म्हणतात ना, तसा."

माणूस सोपा नव्हता, हेही लिहायला हवं. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागली की ते गप्प बसत आणि तो राग दिवसभर टिके. नियमाला पक्के. ध्वनिमुद्रण झालेलं पुस्तक कोणीतरी पहिल्यापासून ऐकून तपासल्याशिवाय त्याची सीडी ते करून देत नसत, मग विद्यार्थी दारात उभा असला तरी. डबा आधी आमच्याबरोबर खात. एकदा त्यांच्या डब्यात बोंबलाची चटणी होती. जोगळेकर दारातून आत आले आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "आज खाली दवाखान्यात काही कापलंय की काय?" दुसऱ्या दिवसापासून रणपिसे डबा गच्चीवर नेऊ लागले. "वर वारा असतो," एवढंच कारण सांगत. मे महिन्यातसुद्धा.

दर काही महिन्यांनी ते एक प्रयोग करत. मशीन बंद करायचं, एका डिस्कची वायर काढायची, दुसरीवर चालू करून बघायचं. मग तिची काढून पहिलीवर. जोगळेकरांच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

"अहो, हा म्हणजे धावत्या गाडीचं चाक काढून बघण्याचा प्रकार झाला."

"उभ्या गाडीचं. आणि स्टेपनीत हवा आहे का, ते पंक्चर झाल्यावर बघायचं का?"

प्रयोगानंतर दोन्ही डिस्क पुन्हा एकसारख्या कराव्या लागत. ते कसं, हे त्यांनी मला शिक्षिकेला कळेल असं सांगितलं होतं. "जी बाहेर राहिली, ती अभ्यासात मागे राहिली. तिने पुढचीचं बघून उतरवून घ्यायचं. यात एकच गोष्ट सांभाळायची, बाई. पुढची कोण आणि मागची कोण, याची खात्री. उलटं झालं तर हुशार पोरीची पाटी पुसली जाते आणि मशीन तक्रारसुद्धा करत नाही."

त्या वर्षी मीनल आमच्याकडे यायला लागली होती. हडपसरपलीकडच्या मांजरी गावची, शेतकऱ्याघरची मुलगी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून दिसत नव्हतं. दोन विषय राहिले होते, त्यातला एक करार कायदा. तिचे वडील एकदा तिला सोडायला आले होते, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाले, "बाई, ही शेवटची परीक्षा हाय. आवंदा सुटली तर सुटली, न्हाईतर बँकेत फोनवर बसवायचं पक्कं हाय. अर्ज बी भरून ठेवलाय." मीनल शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "ऐकतीय मी. आंधळी आहे, बहिरी नाही."

रणपिसे आणि तिची गट्टी जमली. दोघांची जीभ सारखीच तिखट. संध्याकाळी हडपसरकडे जाताना ते तिला आपल्या स्कूटरवरून मांजरीच्या बसपर्यंत सोडत. जिना उतरताना त्यांचा संवाद वरपर्यंत ऐकू यायचा.

"काय वकीलसाहेब, एक सल्ला द्या. समोर साहेब उभा राहून सही करा म्हणत असेल, तर ती स्वेच्छा धरायची का?"

"करार कायदा वाचून सांगते. पुस्तक कधी देताय?"

"वाचून झालंय सगळं. तपासून झालं की."

"तपासणाऱ्या बाई कुठे आहेत?"

"मुलीच्या बाळंतपणाला."

"मग माझा सल्लाही बाळंत झाल्यावर."

वाचून झालंय, हे खरंच होतं. त्या पावसाळ्यात आम्ही तिघी-चौघींनी मिळून तिची दोन्ही पुस्तकं वाचून काढली होती. कलम, पोटकलम, खालच्या टिपा, सगळं. वाचलेलं मशीनमध्ये होतं, तपासायचं राहिलं होतं, आणि तपासल्याशिवाय रणपिसे सीडी करत नव्हते.

त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला दोनपैकी एक डिस्क जोडीतून बाहेर पडली. म्हणजे मेली नव्हती. तिच्याकडून वेळेवर उत्तर आलं नाही म्हणून सॉफ्टवेअरने तिला बाजूला काढलं. रणपिसेंनी समितीकडे नवी डिस्क मागितली. जोगळेकर म्हणाले, "दोन असताना तिसरी कशाला? दिवाळीनंतर बघू." रणपिसेंनी पुन्हा मागितली नाही. तीच जुनी डिस्क वायर घट्ट करून परत जोडीत घेता आली असती. घेतली नाही. सगळा पावसाळा मशीन एका डिस्कवर चाललं, आणि दुसरी शेजारीच, जूनमधलं डोकं घेऊन, बसून राहिली. मी एकदा काळजीने विचारलं तर म्हणाले, "मागितली आहे. देतील तेव्हा देतील." शेवटी मीनलच्या परीक्षेची तारीख लागली तेव्हा त्यांचा राग निवळला. नागपूरहून आलो की जुनीच जोडून टाकतो, असं त्यांनी मला सांगितलं.

दसऱ्याला ते दरवर्षी दीक्षाभूमीला जात. आई होती तोवर तिला घेऊन, नंतर एकटे. त्यामुळे खंडेनवमीला ते कधीच संस्थेत नसत. आणि खंडेनवमीला जोगळेकर यंत्रांची पूजा करत. तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडेही त्या दिवशी आजोबा स्कूटरला झेंडूची माळ घालत. हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती द्यायची. याआधी रणपिसेंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पूजा करा, गंध लावा, माळ घाला. फक्त चालू मशीनची करा. मी असताना शंभरदा बंद करू. मी नसताना नाही." जोगळेकरांनी ते मानलंही होतं, थोडं कुरकुरत. त्या वर्षी मात्र पूजेला देणगीदार यायचे होते. पंखा घरघरत असताना कसली विश्रांती, असं कोणीतरी म्हणालं, आणि जोगळेकरांनी मशीन बंद केलं. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सकाळी चालू केलं. ते विनातक्रार चालू झालं.

मी त्या दोन्ही दिवशी घरी होते, आपल्याकडचं नवरात्र उठायचं होतं. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

सुट्टीनंतरच्या त्याच सकाळी मी संस्थेत पोचले, त्यानंतर थोड्याच वेळात रणपिसे आले. नागपूरच्या बसमधून उतरून थेट, खांद्याला पिशवी, डोळे लाल.

"या," जोगळेकर म्हणाले. "झाली तीर्थयात्रा?"

"झाली."

"गर्दी फार असते म्हणे. आमचं बरं आहे, आमचे देव घरबसल्या येतात."

रणपिसेंनी पिशवी खाली ठेवली. खुर्ची ओढून बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

"मी नसताना कोणी काय केलं?"

"सणासुदीला कोण काय करणार? कोणी काही केलं नाही."

एरवी ते एवढ्यावर थांबत नसत. मशीन किती वेळ जागं आहे हे मशीनलाच विचारता येतं, आणि रोज सकाळी ते पहिल्यांदा तेच विचारत. त्या दिवशी जोगळेकर त्यांच्या पाठीमागे उभे होते आणि बोलत होते. "तिसरी डिस्क घेतली नाही, काय अडलं सांगा. उगाच घाबरवता तुम्ही लोक." 'तुम्ही लोक' म्हणजे कॉम्प्युटरवाले, असं त्यांनी पुढे मला समजावलं. त्या क्षणी रणपिसेंच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. पडद्यावर त्यांना जे अपेक्षित होतं तेच होतं: एक डिस्क कामावर, एक बाहेर. बाहेरचीला आत घ्यायची आज्ञा त्यांनी भराभर टाइप केली आणि ते पाणी प्यायला गच्चीवर गेले. उतरवून घेण्याचं काम दुपारभर चाललं होतं.

संध्याकाळी मीनल आली. आता नियम बाजूला ठेवून तिला न तपासलेलंच पुस्तक द्यायचं, असं रणपिसेंनी मनाशी ठरवलं होतं. "चला वकीलसाहेब, तुमची मिजास मोडता येत नाही," म्हणत त्यांनी करार कायदा उघडायला घेतला. तो नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुसरं पुस्तकही नव्हतं. पावसाळ्यात वाचलेलं काहीच नव्हतं. मग त्यांनी मशीनला विचारलं, किती वेळ जागं आहेस. उत्तर आलं, सकाळपासून.

ते खुर्चीतच वळले. "मशीन बंद केलं होतं?"

"बंद कुठे?" जोगळेकर म्हणाले. "पूजेपुरतं विश्रांतीला ठेवलं होतं."

"मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, कोणी काही केलं नाही."

"अहो, पूजा म्हणजे काय काही करणं आहे का?"

जोगळेकर खोटं बोलत नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांच्या मनात ते 'करणं' नव्हतंच. चूक कुठे झाली ते रणपिसेंना तिथेच कळलं. सकाळी मशीन चालू केल्यावर बाहेर बसलेली जुनी डिस्क आधी जागी झाली. पावसाळाभर राबलेली दुसरी उठायला जरा वेळ घेत होती. मशीन थांबलं नाही, समोर दिसली तिला घेऊन कामाला लागलं. दुसरी नंतर जागी झाली आणि बाहेरच उभी राहिली. आत जूनमधली, बाहेर पावसाळ्याचं सगळं वाचन घेऊन उभी असलेली. रणपिसेंनी आत कोण आहे ते न पडताळता आतलीचं बाहेरचीला उतरवून घ्यायला लावलं होतं.

"काय झालं?" मीनलने विचारलं.

"पुस्तकं गेली," रणपिसे म्हणाले. "माझ्या हातून."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ती चाचपडत खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. काही टोमणा मारेल असं मला वाटत होतं. तिने मारला नाही.

समितीच्या बैठकीत रणपिसेंना विचारलं गेलं. ते म्हणाले, "शेवटची आज्ञा मी दिली. मशीनला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही." पूजेचा, बंद करण्याचा शब्दही त्यांनी काढला नाही. जोगळेकर समोरच्या पेल्याकडे बघत राहिले. बैठक संपल्यावर जिन्यात मी रणपिसेंना थांबवलं. "अहो, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"बाई, मी पूजेचं नाव काढलं असतं तर चर्चा डिस्कची राहिली असती का? रणपिशाला आमची पूजा खुपते, एवढंच उरलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "आणि न विचारणारा मीच ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता, पण कोणी नाकारलाही नाही.

पुस्तकं पुन्हा वाचायला आम्ही लागलो, पण दिवाळी तोंडावर होती, वाचणाऱ्या गावाला जात होत्या, कोणाचा घसा बसला होता. राजीनामा दिलेले रणपिसे आपणहून काचेपलीकडे जाऊन बसले. त्यांनी याआधी माइकसमोर तोंड उघडलं नव्हतं. आवाज कोरडा, एका पट्टीतला, दर कलमाला खोकला. कोपऱ्यातल्या मशीनकडे ते बघतसुद्धा नसत. जमेल तेवढं मीनलला दिलं. तिचा एक विषय सुटला. करार कायदा राहिला. तिचे वडील आमच्याकडून नेलेल्या जुन्या कॅसेटी परत करायला आले, तेव्हा म्हणाले, "झालं तेवढं बास हाय, बाई. तुमचा काय दोष न्हाई." पुढच्या महिन्यात ती कॅम्पातल्या एका बँकेत टेलिफोनवर बसली.

आता करार कायद्याची कोणाला घाई नव्हती. तरी रणपिसे दर शनिवारी दुपारी येत राहिले. मी एकदा म्हटलंही, आता एवढं कशाला? ते म्हणाले, "अर्ध्यावर आहे." मशीनचं काम बघायला वार्षिक करारावर एक कंपनी आली होती. त्यांची माणसं आली की रणपिसे पान उलटवत गप्प बसत आणि ती गेली की पुढे वाचत. ते पुस्तक अजून संस्थेत आहे. पुढे बऱ्याच मुलांनी त्यावर अभ्यास केला. मुलं म्हणत, आवाज कंटाळवाणा आहे, पण एक शब्द सुटलेला नाही.

ते संपलं त्या शनिवारी मी त्यांना चहाला थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत. मुलाकडे बंगळूरला राहायला चाललो आहे, असं दारात चप्पल घालताना सांगितलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. ते निम्म्यावर पोचले असतील, तेवढ्यात खालून मीनल वर यायला लागली. शनिवारी बँक लवकर सुटे, तेव्हा ती कधीमधी कादंबऱ्या न्यायला येत असे. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी. रणपिसेंनी कठडा सोडला आणि ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पिशवी छातीशी धरलेली. मी बोलणार होते, पण बोलले असते तर तिला कळलं असतं, आणि त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

मीनल त्यांच्या पायरीवर आली आणि जराशी थांबली. "कोण आहे?" कोणी बोललं नाही. मग आपल्याला वाट दिलेली आहे हे तिच्या लक्षात आलं असावं. "थँक्यू हं," ती म्हणाली आणि वर यायला लागली.

रणपिसेंनी उत्तरादाखल हात वर केला. ती उरलेल्या पायऱ्या चढली, माझ्यापर्यंत आली, आत गेली, तरी तो हात तसाच वर होता.